खणाची चोळी

चोळी शिवायला शिंपी लागतो, हे आमच्या गावाला फार उशिरा कळलं. तोवर जत तालुक्यातल्या आमच्या भागातल्या बायका खण घेऊन आक्काकडे यायच्या. आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली.

खण यायचा तिकडून, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून. बाजारादिवशी फेरीवाला गाठोडं सोडायचा आणि ओसरीवर रंग सांडल्यागत व्हायचं. खणाचा पन्हा आखूड, तीस इंचांच्या आसपास. दोन्ही कडांना काठ, मधे बारीक बारीक नक्षी. एका चोळीला एक खण, वर बोटभर कापड जास्त नाही. त्यामुळं कातर लावायच्या आधीच सगळा विचार करावा लागायचा. पुढं बाजारपेठेत दुकान थाटलेला शिंपी पोलक्याला दोन-दोन खण मागायचा, तेव्हा आक्का नुसती हसायची.

तिच्याकडं टेप नव्हता. दोरा असायचा. बाईच्या छातीभोवती दोरा फिरवून गाठ, दंडाला दुसरी गाठ, खांद्यापासून चोळीच्या उंचीला तिसरी. बाकी वीत आणि बोटं. खण पाटावर पसरायची, ओटीतल्या त्रिकोणी घडीच्या खुणा हातानं मोडायची आणि खडूऐवजी नखानं रेघ ओढायची. पाठ मधल्या अखंड कापडातून. बाह्या कडेनं, म्हणजे काठ बरोबर दंडावर येतो. पुढचे दोन पल्ले गाठ मारण्याइतके लांब सोडायचे. मुंढ्याची कोर काढताना जो तुकडा पडतो, तो टाकायचा नाही. त्यातूनच बगलेतली कळी निघते, आणि ती उरेबच हवी. सरळ धाग्यावर कापलेली कळी पहिल्याच भांगलणीत उसवते. कामाच्या बाईची चोळी बगलेत जाते, असं आक्का म्हणायची.

1972 च्या दुष्काळानंतरची गोष्ट. वस्तीवरची एक लेकुरवाळी खण घेऊन आली. जांभळा, हिरव्या काठाचा. भावानं दिलेला. आदल्या आठवड्यात तालुक्याला जाऊन तिनं बापाच्या रानावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा दिला होता. 1956 च्या कायद्यानं लेकीला बापाच्या मिळकतीत वारसा दिला होता खरा, पण आमच्याकडं तो असाच फिटायचा, चोळी-बांगडीवर. जी देत नाही तिचं माहेर तुटलं, एवढा साधा हिशोब. दर सणाला बोलावणं यावं म्हणून बायका अंगठा देत, कुणी जबरदस्ती केली असं त्यांच्या तोंडून यायचं नाही.

आक्कानं खण मापला. पुन्हा मापला. चार बोटं कमी भरला.

"किती रान हुतं गं?"

"दीड एकर. विहिरीकडचं."

आक्का बराच वेळ काही बोलली नाही. माझे वडील त्याच ओसरीवर सुतळी वळत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. आक्कानंही एकदा असाच कागद दिला होता, वडिलांसाठीच. हे मला फार पुढं कळलं.

"बदलून आण की त्याच्याकडनं," आक्का म्हणाली.

"नगं आक्का. पयलंच लुगडं-चोळी हाय. लगीच उणं कसं काढू?"

मग आक्का कापडाशी झगडायला बसली. पाठीची उंची कमी केली तर वाकल्यावर कंबर उघडी पडणार. पल्ले आखूड केले तर गाठ बसणार नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला गाठ सैल-घट्ट करता आली पाहिजे. बाहीला हात लावायचा नाही, काठ तिथंच दिसतो. राहिली बगल. आक्कानं आपल्या गाठोड्यातून जुन्या जांभळ्या चोळीचा विटका तुकडा काढला, उरेब धरून दोन कळ्या कापल्या आणि मुंढ्याच्या कोरीतलं कापड पल्ल्यांना जोडलं. जोड गाठीच्या आत जाईल असा. संध्याकाळपर्यंत हातशिलाई चालली.

बाईनं आतल्या खोलीत जाऊन चोळी घातली. बाहेर आल्यावर आक्कानं तिला हात वर करायला लावला, डोक्यावरची घागर धरतात तसा. मग दुसरा. कळी ताणली, पण बसली.

"कुटं उणं दिसतंय का?" तिनं विचारलं.

"हात खाली असला म्हंजी न्हाई."

शिलाई म्हणून तिनं पदराच्या गाठीतून शेंगा काढल्या. आक्कानं त्यातल्या मूठभर ठेवून घेतल्या, बाकीच्या पोराच्या झबल्यात घातल्या. त्या खणातनं गोधडीला लावायलासुद्धा चिंधी उरली नव्हती.