बोलकी चूक, मुकी चूक

पन्नाशी उलटल्यावर आम्ही पायथन ही संगणकभाषा शिकावयास घेतली. डेनिस रिची यांची १९७२ च्या सुमाराची सी भाषा आम्ही विद्यार्थिदशेत गिरवली होती. १९९१ मध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी प्रसिद्ध केलेली पायथन तिची धाकटी बहीणच असावी, असा आमचा समज. मग व्हावयाचे तेच झाले. सी आपली वाक्ये महिरपी कंसांत बांधते. पायथनला ओळ आत सरकवलेली पुरते. आम्ही सवयीने कंस घालावेत, अटीपुढचा अपूर्णविराम विसरावा, आणि यंत्राने ओळीचा क्रमांक सांगून आमचा कान धरावा! प्रारंभी या दटावणीचा फार राग येई.

संख्येत एक मिळवण्यासाठी सीमध्ये तिच्या नावाआधी किंवा नावानंतर दोन अधिक चिन्हे लिहितात. नावानंतरची चिन्हे पायथनने नाकारली, म्हणून आम्ही ती आधी लिहिली. यंत्र गप्प! आम्ही खूश. पण पायथनच्या लेखी ते नुसते दुहेरी धनचिन्ह; त्याने संख्या जागची हालत नाही.

असे मौन आम्हांस नवे नव्हते. नगरला भिंगारच्या छावणीमुळे हिंदी शेजार पुष्कळ. एक हवालदार कौतुकाने म्हणाले, 'लड़के को आपसे अच्छी शिक्षा मिली।' आमची सौभाग्यवती घाबरून विचारती झाली, "अगबाई, त्याने केले तरी काय?" शब्द दोन्ही भाषांत शुद्ध; अर्थ मात्र पार निराळा.

त्याच प्रोग्रॅमने आम्ही वर्गाची हजेरी काढली. तासांची बेरीज बरोबर आली; प्रात्यक्षिके मात्र मिळवलीच गेली नाहीत. शेकडा ७५ च्या खाली गेलेल्यांत पाथर्डीहून एस.टी.ने येणारा एक मुलगा होता. "सर, मी एकही प्रात्यक्षिक चुकवलेलं नाही," म्हणत त्याने तारखांची वही पुढे केली. "अरे, यंत्र कशाला खोटे बोलेल?" असे म्हणून आम्ही त्यास वाटेस लावले.

रात्री झोप येईना. उठून त्याची वही आणि आमची यादी ताडून पाहिली. चूक दोन चिन्हांची होती. त्या मुलाचे वर्ष मात्र जाणार होते. सकाळी वर्गासमोर आम्ही ती कबूल केली.

हल्ली यंत्र कुरकुरले तर आम्ही त्याचे आभार मानतो. ते निमूट राहिले, की दोन-चार नावांची बेरीज बोटांवर करून पाहतो.