वेदीवरून कुणी बोललं नाही

5 मार्च 2023, रविवार. न्यू बर्न, नॉर्थ कॅरोलिना

उपवासकाळातला दुसरा रविवार. मिस्साहून परतल्यावर तारखेकडे लक्ष गेलं. 2003 साली 5 मार्चला राखेचा बुधवार होता. इराकवरचं युद्ध टळावं म्हणून त्या दिवशी उपास करा, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या कॅथलिकांना सांगितलं होतं. त्याच दिवशी त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेटून युद्धाला पोपचा विरोध असल्याचं सांगत होते. लागी हे बुश घराण्याचे जुने स्नेही, म्हणून मुद्दाम त्यांनाच पाठवलं होतं. दोन आठवड्यांनी बगदादवर बॉम्ब पडले.

आमच्याकडे राख लागली, उपासही झाले. पण पोप काय म्हणतात ते वेदीवरून कुणी बोललं नाही. गर्भपाताविरुद्ध त्यांचा शब्द आम्हाला सतत ऐकवला जाई. पुढच्या बाकांवर चेरी पॉइंटच्या तळावरची कुटुंबं बसायची, तरण्या पोरी कडेवर बाळं घेऊन. त्यांच्यासमोर हे बोलणं फादरांना जड गेलं असेल, मला कळतं. पण जड गोष्ट सांगायची नाही, तर प्रवचनाला उभं तरी कशाला राहायचं?

मी वसईचा. या देशात रिपब्लिकन पक्षाकडे गेलो तो घरच्या शिकवणीमुळेच. पोटातल्या जिवालाही जगायचा हक्क आहे, ऋण काढून सण करू नये, सरकारने माणसाच्या उंबऱ्याआत येऊ नये. यातलं एकही मत मी सोडलेलं नाही. पक्षाने सोडली.

11 मार्च, शनिवार

आमच्या मतदारसंघातल्या बोफर्टमध्ये एका हॉटेलवाल्याने ‘फ्रेंच फ्राइज’चं नाव ‘फ्रीडम फ्राइज’ केलं, कारण फ्रान्सने युद्धाला साथ नाकारली होती. आमचे खासदार वॉल्टर जोन्स यांनी ती कल्पना वॉशिंग्टनला नेली आणि 11 मार्च 2003 ला प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहातली पाटी बदलली. पाच महिन्यांपूर्वी 296 विरुद्ध 133 मतांनी युद्धाचा ठराव झाला, तेव्हा जोन्स 296 मध्ये होते. विरोधात गेलेले रिपब्लिकन फक्त सहा.

मग एप्रिलमध्ये ते कॅम्प लेजूनला एका मरीन सैनिकाच्या अंत्यविधीला गेले. त्याच्या विधवेने नवऱ्याचं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. पदरी जुळी मुलं होती, बापाने त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. जोन्स गाडीने घरी परतले आणि मृतांच्या घरच्यांना पत्रं लिहायला बसले. अखेरपर्यंत सह्या करत राहिले. अकरा हजारांहून अधिक पत्रं गेली. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर लेजूनच्या मृत सैनिकांचे फोटो लावले, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्यासमोरूनच जावं लागे. जून 2005 मध्ये सैन्य परत आणण्याच्या ठरावावर त्यांनी डेमोक्रॅट डेनिस कुसिनिच यांच्याबरोबर नाव घातलं. सैन्याच्या तळांवर पोसलेल्या मतदारसंघातून!

जोन्स बॅप्टिस्ट घरातले, तरुणपणी कॅथलिक झालेले. आपण दिलेल्या मताचा त्यांनी जाहीर पश्चात्ताप केला आणि तो आयुष्यभर निभावला. पक्षाने 2012 च्या अखेरीस त्यांना वित्त समितीवरून काढलं. 2014 च्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना पाडायला बाहेरून पैसा ओतला गेला. तोवर मी पक्षाची नोंदणी सोडली होती, पण आमच्या राज्यात अपक्षालाही प्राथमिक फेरीत मत देता येतं. ते जोन्सना दिलं. ते निवडूनही आले. 2019 च्या फेब्रुवारीत, आपल्या 76 व्या वाढदिवशी वारले.

19 मार्च, रविवार

युद्धाला आज वीस वर्षं झाली. टीव्हीवर सगळे ‘गुप्तहेरांची माहिती चुकली’ एवढंच बोलतात. ती चुकली खरीच. अस्त्रांचे साठे सापडले नाहीत, हे सरकारच्याच तपासनिसांनी 2004 मध्ये लिहून दिलं. पण आम्हा सनातनी विचारांच्या लोकांचं काय बिघडलं, ते कुणी बोलत नाही. खर्च शंभर ते दोनशे अब्ज डॉलर येईल, असं बुश यांचेच आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे 2002 मध्ये म्हणाले, तर वर्ष संपायच्या आत त्यांना जावं लागलं. युद्ध चालू असताना, मे 2003 मध्ये, कर कमी केले. म्हणजे लढाई उधारीवर, आणि फेड करणार नातवंडं. काटकसरीची शपथ घेणाऱ्या पक्षाने हे टाळ्या वाजवून मंजूर केलं.

धर्माच्या नावानेही तसंच. सदर्न बॅप्टिस्टांचे रिचर्ड लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये बुश यांना पत्र लिहून हे युद्ध न्याय्य ठरवलं. आमच्यातले विचारवंत मायकेल नोव्हाक युद्धाची बाजू मांडायला थेट रोमला गेले. कार्डिनल रॅटझिंगर यांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं की ‘प्रतिबंधक युद्ध’ हा शब्द आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात नाही. आमच्या लोकांना रॅटझिंगर एरवी शिरसावंद्य, फक्त या एका बाबतीत त्यांचं ऐकायचं नव्हतं.

अँड्र्यू बेसविच यांचा 2007 चा लेख पुन्हा वाचला. वेस्ट पॉइंटचे पदवीधर, व्हिएतनामला लढलेले, निवृत्त कर्नल, विचाराने सनातनी कॅथलिक. युद्धाविरुद्ध ते सुरुवातीपासून लिहीत होते, आणि त्यांचा मुलगा त्याच युद्धात लेफ्टनंट म्हणून मारला गेला. मी विरोध केला ते माझं कर्तव्य, तो लढला ते त्याचं, असं त्यांनी लिहिलंय. यापुढे मला वाचवेना.

22 मार्च, बुधवार

आज पाडवा. वसईला भावाला फोन केला. शेजारच्या काकूंनी श्रीखंड पाठवलं म्हणाला. मग विचारलं, “तुमच्या त्या इराकात आपले लोक राहिलेत का रे?”

काय सांगणार? 2003 पूर्वी तिथे बारा-पंधरा लाख ख्रिस्ती होते. आता अंदाज अडीच लाखांच्या आतबाहेर. 2008 मध्ये मोसुलचे आर्चबिशप रह्हो यांचं अपहरण झालं, पुढे त्यांचा मृतदेह सापडला. 2010 च्या ऑक्टोबरअखेर बगदादच्या चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला आलेल्यांवर हल्ला झाला. 2014 च्या जुलैत मोसुलच्या ख्रिस्ती घरांवर अरबी ‘नून’ अक्षर रंगवलं गेलं आणि धर्म बदला, जिझिया भरा, नाहीतर मरा, असं फर्मान निघालं. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. सद्दाम क्रूर होता, यात वाद नाही. पण त्याच्या राज्यातही तिथे मिस्सा होत होता.

भावाला मी कल्याणची गोष्ट सांगितली. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस लिहितो की ‘कल्लियाना’ बंदरात ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियाहून नेमून येतो. अनेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपलं कल्याणच मानतात. त्या पूर्वेकडच्या चर्चचं मुख्य पीठ तेव्हा आजच्या बगदादजवळ होतं. पोर्तुगीज वसईला येण्याच्या हजार वर्षं आधी उल्हास नदीच्या काठी ज्यांनी प्रार्थना केली, त्यांच्याच चर्चची लेकरं या युद्धाने देशोधडीला लावली. आणि त्या युद्धाला मतं दिली ती स्वतःला ख्रिस्ताचे रखवालदार म्हणवणाऱ्यांनी. याचा राग अजून जात नाही. जावा असं वाटतही नाही.

29 मार्च, बुधवार

सिनेटने आज 1991 आणि 2002 चे दोन्ही इराक-ठराव रद्द करायला 66 विरुद्ध 30 मतांनी मंजुरी दिली. बाजूने 18 रिपब्लिकन. जोन्स असते तर त्यांनी भिंतीवरच्या प्रत्येक फोटोला ही बातमी सांगितली असती.

प्रतिनिधीगृहात मतदान अजून व्हायचं आहे. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा 2001 चा ठराव यात नाही. सिनेटमध्ये 98 विरुद्ध 0 आणि प्रतिनिधीगृहात 420 विरुद्ध 1 मतांनी झालेला तो ठराव आजही लागू आहे, आणि राष्ट्राध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या आधारे सैन्य धाडू शकतो.