बिनअंगठीचा नायक

कादंबरीची किंमत तिच्या शेवटच्या पानावरून ठरवू नये, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बिनचूक लिहितात, आणि वर्गाबाहेर पडले की त्याच्या नेमके उलट वागतात. त्यांना दोष तरी कसा द्यावा? आम्ही राहतो ते सारे शहर दर जानेवारीत एका माणसाचा निकाल शेवटच्या पानावरूनच लावत असते.

शहर बफेलो. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी वसलेले, बर्फासाठी प्रसिद्ध आणि बाकी सर्व बाबतींत भूतकाळासाठी. माणूस जॉश ॲलन, 'बिल्स' या संघाचा क्वार्टरबॅक. २०२४च्या हंगामातला साऱ्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला मान मिळाला. पण २०२५चा हंगाम संपला तेव्हाही त्याच्या बोटात सुपर बोलच्या विजेत्यांना मिळणारी अंगठी नव्हती, आणि म्हणून तो 'थोर' की नुसता 'चांगला' हा वाद इथल्या न्हाव्याच्या दुकानापासून विद्यापीठाच्या उपाहारगृहापर्यंत अखंड चालू असतो. या वादात आमचेही एक मत आहे. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

फुटबॉल म्हटल्यावर ज्यांना पायाने खेळायचा खेळ आठवतो त्यांच्यासाठी थोडा खुलासा. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, असे करत मैदानाचे टोक गाठायचे. प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हाती येतो. पुढच्या दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे असते : लांब पळालेल्या गड्याकडे फेकायचा, शेजारच्याच्या हाती द्यायचा, की स्वतःच घेऊन धावायचे. तो हे ठरवत असताना सव्वाशे-दीडशे किलोचे चार-पाच धिप्पाड गडी त्याला लोळवायला अंगावर येत असतात. आपल्या नाटकातला सूत्रधार नांदी आटोपून विंगेत जातो. इथल्या सूत्रधाराला नायकाचेही काम करावे लागते, आणि ऐन स्वगतात लोक त्याच्यावर धावून येतात.

आम्ही बफेलोस आलो ते १९९९च्या ऑगस्टमध्ये, शिकवण्याच्या निमित्ताने. आमचे शेजारी लॅकवानाच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. १९८३ साली तिथल्या बहुतेक भट्ट्या बंद झाल्या तेव्हा घरी बसलेल्या हजारोंपैकी ते एक. बोलणे बेताचे. पण रविवारच्या सामन्यानंतर कुंपणापाशी हटकून उभे राहत आणि 'वुई लॉस्ट' किंवा 'वुई वन' एवढे दोन शब्द उच्चारून घरात जात. त्यांच्या त्या 'वुई'चे भाषांतर आम्ही मनातल्या मनात 'आम्ही' असे करीत असू. इंग्रजीला एकच 'वुई' पुरतो. मराठीला दोन लागतात, ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा 'आम्ही' आणि त्याला आत घेणारा 'आपण'. शेजाऱ्यांचा 'वुई' त्यांचा आणि त्यांच्या गावाचा. त्यात आमचा काय संबंध?

त्यांच्या या 'वुई'ला मोठा इतिहास होता. सुपर बोल नावाची गोष्ट अस्तित्वात येण्यापूर्वी, डिसेंबर १९६४मध्ये, बिल्सनी सॅन डिएगोला २०-७ असे हरवून ए.एफ.एल. या तेव्हाच्या दुसऱ्या लीगचे अजिंक्यपद मिळवले होते. शेजारी त्या दिवशी मैदानात हजर होते, विशीतले. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हाचा क्वार्टरबॅक जॅक केम्प पुढे इथून काँग्रेसवर निवडून गेला आणि १९९६ साली उपाध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेव्हा पडला. त्यानंतर आला जिम केली. ऐन मैदानात, दोन चालींच्या मध्ये न थांबता, स्वतःच पुढली चाल ठरवणारा हा गडी संघाला लागोपाठ चार वेळा सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. दुसऱ्या कोणत्याही संघाला हे जमलेले नाही. आणि लागोपाठ चार वेळा हरण्याचा विक्रमही दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. १९९१च्या जानेवारीत पहिल्या पराभवाचे अंतर एका गुणाचे होते, १९-२०. स्कॉट नॉरवुडने शेवटच्या क्षणी ४७ यार्डांवरून मारलेला चेंडू खांबाच्या उजवीकडून गेला. आम्हांस या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो दुसऱ्या दिवसाचा. हरलेल्या संघाच्या स्वागताला बफेलोच्या नायगरा चौकात हजारो लोक जमले आणि त्यांनी घोषणा सुरू केल्या त्या नॉरवुडच्या नावाच्या. तो पुढे आला, आणि ज्या गावाला त्याने नुकताच विजय नाकारला होता ते गाव त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहिले. शेवटचे पान फाडून कादंबरी वाचणारे हे वाचक! या गावाला टीकाशास्त्र शिकवण्याची गरज निदान तेव्हा तरी नव्हती.

आम्ही मात्र पोचलो ते उतरणीवर. पहिल्याच हंगामात, जानेवारी २०००मध्ये, वर्षभर संघ सांभाळलेल्या डग फ्लूटीला बाकावर बसवून प्रशिक्षकाने रॉब जॉन्सनला खेळवले, आणि टेनेसीने शेवटच्या सोळा सेकंदांत चेंडू आडवा फेकून पंचाहत्तर यार्ड पळवत नेला. २२-१६. त्यानंतरचे सलग १७ हंगाम संघ प्लेऑफमध्ये पोचलाच नाही. या काळातल्या क्वार्टरबॅकांची यादी देण्याचा मोह आवरतो. त्यात हार्वर्डचा पदवीधर होता, आणि एका सामन्याच्या पूर्वार्धातच पाच वेळा प्रतिपक्षाच्या हाती चेंडू देणाराही होता. बर्फ उपसावा, चहा करावा, सामना लावावा, हरावे. असे करता करता वर्षे गेली.

३१ डिसेंबर २०१७ रोजी हा दुष्काळ संपला तोही दुसऱ्याच्या पुण्याईने. बिल्स मायामीला हरवून बसले होते. पण सिनसिनाटीने बाल्टिमोरला हरवले तरच पुढची वाट उघडणार होती. सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने मिनिटभरही उरले नसताना, चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, ४९ यार्डांचा टचडाउन फेकला. बफेलोच्या लोकांनी त्याच्या धर्मादाय संस्थेकडे देणग्यांची रीघ लावली, कित्येकांनी बरोबर १७ डॉलरची. त्या रात्री नाशिकला बहिणीचा फोन झाला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा देण्याआधी आमच्या तोंडून गेले, "अगं, आपण प्लेऑफमध्ये गेलो!" पलीकडे क्षणभर शांतता. मग तिने विचारले, "आपण म्हणजे कोण?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अद्याप नीट देता आलेले नाही.

असो. ॲलन आला तो पुढच्याच वर्षी. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या खेडेवजा गावातला शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला बोलावले नाही. एका छोट्या कॉलेजात खेळत त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना ई-मेल पाठवले, आणि शेवटी वायोमिंगने त्याला घेतले. २०१८च्या निवडीत बिल्सनी सातव्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले तेव्हा जाणकारांचे बहुमत विरुद्ध होते. हात तोफेसारखा, पण नेम नाही. आणि नेम शिकवून येत नाही, असा सिद्धान्त मांडला जात होता. पहिल्या वर्षी त्याचे शंभरातले ५२.८ फेक झेलले गेले, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. प्रतिभा आणि व्युत्पत्ती यांविषयी वाद घालणाऱ्या आमच्या काव्यशास्त्रज्ञांनी या तीन आकड्यांपाशी क्षणभर थांबायला हरकत नाही. अभ्यासाने काय साधते याचा इतका उघड पुरावा वाङ्मयात सहसा हाती लागत नाही.

शेजाऱ्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिले आणि कुंपणापाशी नेहमीपेक्षा चार शब्द जास्त बोलले : हा पडायचे असते तिथे पडत नाही. ही स्तुती की तक्रार, ते कळले नाही. आमच्या मते ॲलनवरची सारी टीका आणि सारी भक्ती या एका वाक्यात मावते. दुसरा क्वार्टरबॅक अंगावर कोणी आले की चेंडू बाहेर फेकून देतो. हा दोघांना अंगावर घेऊन तिसऱ्यावरून उडी मारतो, आणि कधी टचडाउन करतो तर कधी चेंडू गमावून बसतो. २०२३मध्ये त्याचे १८ फेक प्रतिपक्षाच्या हाती गेले. त्या हंगामाच्या मध्यावर आक्रमणाची सूत्रे जो ब्रॅडीकडे आली, आणि २०२४च्या नियमित हंगामात हा आकडा सहावर उतरला. म्हणजे त्याला आवरता येते. पण आवरलेला ॲलन आणि उडी मारणारा ॲलन हे दोन वेगळे खेळाडू मानून 'आम्हांला पहिला हवा, दुसरा नको' म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू, की गद्य सुधारताना लेखकाचा आवाजच खोडून टाकणारे संपादक त्यांनी कधी पाहिले नाहीत काय?

आता मुद्द्याचे. प्लेऑफमध्ये तो हरतो, म्हणून दोष त्याचा. हे कितपत खरे? २०२०पासून २०२५पर्यंतच्या सहा हंगामांत बिल्स दर वर्षी प्लेऑफमध्ये गेले आणि दर वर्षी हरून परतले. चार वेळा कॅन्सस सिटीकडून, एकदा सिनसिनाटीकडून, एकदा डेन्व्हरकडून. या सहा पराभवांत प्रतिपक्षाने केलेले गुण अनुक्रमे ३८, ४२, २७, २७, ३२, ३३. बेरीज १९९, सरासरी तेहतीसहून किंचित जास्त. ज्या संघाचे बचावफळीचे गडी ऐन परीक्षेच्या दिवशी तेहतीस गुण देतात, त्याच्या क्वार्टरबॅकला अंगठीचा हिशेब विचारणे म्हणजे घर गळते म्हणून दिवा लावणाऱ्याला बोल लावणे. अपवाद आहेत, ते लपवत नाही. सिनसिनाटीविरुद्ध बर्फात संघाने अवघे दहा गुण केले. आणि जानेवारी २०२६मध्ये डेन्व्हरला जादा वेळेत ३३-३० हरताना ॲलनने स्वतः चार वेळा चेंडू गमावला. त्या दिवसाची जबाबदारी त्याचीच; सामन्यानंतर डोळे पुसत त्याने ती घेतलीही. दोन दिवसांनी नऊ वर्षांच्या सेवेनंतर प्रशिक्षक शॉन मॅकडरमट यांना निरोप देण्यात आला आणि पुढे ब्रॅडीच मुख्य प्रशिक्षक झाले.

पण २३ जानेवारी २०२२ची रात्र? तिथे त्याच्याकडून काय राहिले ते आम्हांस कोणी सांगावे. ३२९ यार्ड, चार टचडाउन, एकही चूक नाही. घड्याळात १३ सेकंद उरले असताना त्याने संघाला ३६-३३ असे पुढे नेले. मग आपल्या बाजूने पुढची किक मारली ती थेट मैदानापलीकडे, म्हणजे घड्याळातला एकही सेकंद न खर्चता. चेंडू जमिनीवरून सरपटवला असता तर तीन-चार सेकंद तरी गेले असते. कॅन्सस सिटीच्या महोम्सने दोन चालींत ४४ यार्ड काढले, बरोबरीचा गोल झाला, जादा वेळेत नाणेफेक त्यांनी जिंकली आणि पहिल्याच डावात टचडाउन करून सामना संपवला. ॲलन बाजूला उभा राहून पाहत होता. चेंडू त्याच्या हाती आलाच नाही. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी लीगने प्लेऑफपुरता नियम बदलला, दोन्ही संघांना एकेक डाव मिळू लागला. (याच नव्या नियमाखाली बिल्स डेन्व्हरला हरले, हा काव्यगत न्याय कोणत्या काव्यातला, ते आम्हांस ठाऊक नाही.)

शेजारी त्याआधीच्या शरद ऋतूत वारले होते. त्या रात्री कुंपणापाशी कोणी आले नाही. हे तेरा सेकंद त्यांना पाहावे लागले नाहीत याचे आम्हांस बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली. कारण ते असते तर त्यांनी पाहिलेच असते, दोन शब्द बोलून आत गेलेही असते.

गणित कोरडे असते म्हणून कोणी ते मांडत नाही, आम्ही मांडतो. २०२०पासून प्रत्येक गटातल्या फक्त अव्वल संघाला पहिल्या फेरीत विश्रांती मिळते. ॲलनच्या बिल्सना ते अव्वल स्थान या सहा वर्षांत एकदाही मिळाले नाही. म्हणजे दर वर्षी सलग चार सामने जिंकणे भाग. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता शंभरात ६० धरा, आणि बलाढ्य संघांविरुद्ध ही उदार धरणी झाली, तरी चारही जिंकण्याची शक्यता शंभरात १३ उरते. अशी सहा वर्षे ओळीने घेतली तर सहाही वर्षे हात रिकामे राहण्याची शक्यता सुमारे ४३. जवळजवळ छापा-काटा. या एवढ्याशा अंतरातून आम्ही 'तो थोर नाही', 'त्याच्यात ती शेवटची ठिणगी नाही' अशी चरित्रे लिहितो.

म्हणून संधीविषयी विचाराल तर आमचे मत असे. गटात अव्वल स्थान मिळवण्याला जेवढे महत्त्व दिले जाते त्याच्या दुप्पट द्यावे. एक सामना वाचला की तेराचे साडेएकवीस होतात. बचावफळीवर पैसा ओतावा. आणि वेळ फार नाही. ॲलनचा जन्म मे १९९६चा. तिशी ओलांडलेल्या आणि अंगावर मार घेत धावणाऱ्या क्वार्टरबॅकचे गुडघे किती वर्षे साथ देतील ते सांगता येत नाही. केली छत्तिसाव्या वर्षी थांबला. कुंपणापलीकडच्या घरात आता शेजाऱ्यांचा नातू राहतो. तो सामन्यानंतर बाहेर येत नाही, मोबाइलवर निरोप पाठवतो. डेन्व्हरच्या रात्री त्याचा निरोप आला, तोच, दोन शब्दांचा. आम्ही उत्तर लिहिले : हो, हरलो आपण. देवनागरीत. त्याने अर्थ विचारला नाही.