वारं फिरल्यावर परत जाणाऱ्याला भित्रा म्हणू नका

निलंग्याच्या त्या घटनेला आता बरीच वर्षं झाली.

25 मे 2017 रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस लातूर जिल्ह्यात होते. दुपारी निलंग्याहून निघताना त्यांचं हेलिकॉप्टर थोडं वर गेलं आणि खाली आलं. वाऱ्यात अचानक फरक जाणवल्यानं वैमानिकानं परत उतरायचं ठरवलं आणि उतरताना हेलिकॉप्टर तारांत अडकलं, असं तेव्हा अधिकृतपणे सांगण्यात आलं. ते वस्तीजवळच कोसळलं. नशीब बलवत्तर, आतले सगळे वाचले. निलंगा आमच्या उमरग्याला लागूनच, त्यामुळं त्या दिवशी इकडं प्रत्येकाच्या फोनवर तोच व्हिडिओ होता.

आज हे लिहितोय ते मात्र माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल. मी आता निवृत्त आहे, त्यामुळं सांगायला हरकत नाही.

एप्रिल 2019. लोकसभेचा प्रचार. एका मोठ्या नेत्याची सभा आमच्या गावात ठरली आणि हेलिपॅड आमच्या शाळेच्या मैदानावर करायचं ठरलं. धुराळा उडू नये म्हणून मैदानावर पाण्याचा टँकर ओतला. त्या वर्षी गावाला प्यायचं पाणीही टँकरनंच येत होतं. बायका घागरी घेऊन कुंपणापाशी नुसत्या बघत उभ्या होत्या. आम्ही फक्कीनं गोल आखून मधे मोठं एच काढलं.

मैदानाच्या कडेनं आमच्या बोअरच्या मोटारीची तार जात होती. मला ती दिसत होती. निलंगा डोळ्यांसमोर होतं. पाहणीला आलेल्या साहेबांना मी हळूच म्हणालो, "साहेब, तार जवळ आहे." ते म्हणाले, "गुरुजी, होतंय हो, काळजी करू नका." मी गप्प बसलो. लेखी द्यायला पाहिजे होतं, दिलं नाही. साहेबांपुढं किती बोलायचं, हा हिशोब माझ्यासारख्या नोकरदाराच्या अंगात मुरलेला असतो.

दुपारी दोनला हेलिकॉप्टर आलं. उन्हाळ्यातलं आपल्याकडचं दुपारचं वारं कसं असतं, ते वेगळं सांगायला नको. घडीत झाडाचं पान हलत नाही, घडीत वावटळ मंडपाचं कापड वर उचलते. हेलिकॉप्टर खाली येत होतं, तेवढ्यात एक झोत आला आणि ते तारेच्या बाजूला सरकलं. माझ्या पोटात गोळाच आला. वैमानिकानं क्षणात ते वर काढलं, एक चक्कर मारली आणि सरळ निघून गेला.

नेते दीड तासानं गाडीनं आले. तोपर्यंत निम्मी गर्दी घरी गेली होती. पोरं शिट्ट्या मारत होती, "भित्रा हाय रं पायलट!" शेजारी उभे असलेले एक म्हातारे शेतकरी मात्र म्हणाले, "गुरुजी, शहाणा हाय तो. वारं सारखं फिरतंय तवा उफणायला उभं राहू नये, भुसा डोळ्यात जातोय."

नंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. विमान असो की हेलिकॉप्टर, झोताचं वारं उतरतानाच जास्त घात करतं. चार आसनी लहान विमान साधारण ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगानं धावपट्टीकडं येतं. समोरून ताशी 30 किलोमीटरचं वारं असेल आणि ते अचानक पडलं, तर पंखांवरून जाणारी हवा तेवढीच कमी होते. विमान एकदम बसतं, आणि सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. आडव्या वाऱ्याचं तर आणखी अवघड. वैमानिक शिकतात त्या सेस्ना 152 विमानाच्या चाचणीत दाखवलेलं आडवं वारं आहे ताशी सुमारे 22 किलोमीटर. म्हणजे रस्त्यावरचा धुराळा आणि कागद उडवणारं वारं!

त्यात आपलं ऊन. समुद्रसपाटीपासून 600 मीटरवर 40 अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते, की यंत्राला आपण कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद कमी, पंख्याची पकडही कमी.

म्हणून वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात, की उतरणं जमत नसेल तर वर काढ, पुन्हा फिरून ये, नाहीतर दुसरीकडं जा. त्याला त्यांच्यात कमीपणा मानत नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईत जोरदार पावसात आठ जणांचं एक लहान जेट उतरताना धावपट्टीवरून घसरलं. तिथं तर लांबलचक धावपट्टी, सगळी यंत्रं, अग्निशमन दल. आमच्या शाळेच्या मैदानावर काय होतं? फक्की आणि ओली माती. वारं कुठून आहे हे दाखवणारं खांबावरचं कापडी नळकांडंही नव्हतं.

निवडणुका येतच राहतात. परत मैदानं आखली जातील. माझं म्हणणं एवढंच आहे. तार दिसली तर लेखी कळवा आणि पोच घ्या. सभा सकाळची ठेवा, दुपारच्या वाऱ्यात कुणाला बोलावू नका. लेकरांना मैदानाच्या कडेला उभं करू नका. आणि वैमानिक परत गेला तर शिट्ट्या मारू नका, आयोजकांनीही त्याला फोनवर फोन करू नयेत. "साहेब आलेच पाहिजेत" हा आपला हट्टसुद्धा त्याच्या मानेवर बसलेला असतो.

त्या दिवशी तो वैमानिक नाही म्हणाला म्हणून माझं गप्प बसणं खपून गेलं. नसतं खपलं तर तारेच्या पलीकडं माझ्याच शाळेची सत्तर-ऐंशी लेकरं उभी होती.

परवा शाळेकडं चक्कर मारली. मोटार नवी बसवलीय. तार तिथंच आहे. या वेळी ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तुमच्या गावात हेलिपॅड कुठं करतात आणि त्याच्या कडेला काय काय आहे, ते बघून खाली लिहा.