फवारणी की निंदण?

अमरावती-अकोला हायवेवर गाडी मस्त पळते. जून 2022 मध्ये इथलीच 75 किलोमीटरची लेन जेमतेम 105 तासांत डांबरून झाली आणि थेट गिनीज बुकात गेली. परवा मात्र तो रस्ता संपता संपेना. दुसऱ्या दिवशी अकोल्याला मोठ्या आईची तिसरी केमो होती. ब्रेस्ट कॅन्सर.

पोचताच तिनं मोबाइल पुढे केला. फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड : ‘नॅनो औषध थेट गाठीत, नो साइड इफेक्ट!’

‘‘पोरी, तू पेपरात लिहितं. हे खरं असन तं मी उद्या सुई कायले घेऊ?’’

टेन्शन! मास कॉमच्या डिग्रीत हे कुणी शिकवलं नव्हतं. रात्रभर वाचत बसले. सकाळी चहा घेता घेता सुरुवात केली.

‘‘केमो म्हणजे फवारणी. अळीबरोबर बाकीच्यांनाही लागते. तुझे केस त्यामुळेच गेले. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. काही पेप्टाइड्स कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखून तिलाच चिकटतात. पण नुसती रक्तात सोडली तर बरीचशी काही मिनिटांत तुटून जातात. म्हणून त्यांना नॅनोकणात, म्हणजे केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक डबीत घालून पाठवायचं.’’

‘‘म्हंजे निंदणच की! तण पाहून उपटाचं.’’

फंडा एकदम क्लिअर! जिनं जन्मभर कपाशी निंदली, तिला आणखी काय समजवायचं?

पुढचं सांगणं जड होतं. फॉरवर्ड अगदीच खोटा नव्हता. अल्ब्युमिनच्या नॅनोकणांतलं पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेत 2005 मध्येच ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झालं. पण तीही केमोच, साइड इफेक्टसकट. पेप्टाइडला किरणोत्सर्गी ल्युटेशियम-177 जोडून न्यूरोएन्डोक्राइन गाठींवर मुंबईत परळला उपचार होतात. ते ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत बनतं. पण ती गाठ वेगळी, हिची वेगळी. आणि नॅनोकणातून पेप्टाइड गाठीत पोचवणं अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि चाचण्यांतच आहे.

2016 मध्ये संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यांक निघाला फक्त 0.7 टक्के. बरेचसे वाटेत यकृत आणि प्लीहाच अडवतात.

हा आकडा सांगू की नको? सांगितला.

ती गप्प. मग म्हणाली, ‘‘शंभर बाया निंदाले धाडल्या अन् एकबी वावरात धड पोचली नाही म्हण!’’ आणि खुदकन हसली. मी मात्र हसता हसता रडले.

डॉक्टरांनाही तिनं स्वतःच विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हीच केमो पूर्ण करायला सांगितलं. मग तिनं नर्सपुढे हात केला. ‘‘निंदणारी येईलोक फवाराच बरा.’’

असा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येईल. पाठवणाऱ्यावर चिडू नका, त्यात मायाच असते. फक्त आपल्या माणसाच्या शेजारी बसून तो पूर्ण वाचा. आणि चालू उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारा.