अंदाज म्हणजे मूळचं माप!



स्वयंपाकघरात आपण दिवसभर एक शब्द वापरतो: अंदाज. "अंदाजानं मीठ टाक." "किती जण येतील, अंदाज घे." हा शब्द मराठीत फारसीतून आला. तिथे 'अंदाजा' म्हणजे माप. गंमत बघा, मूळ अर्थ माप, आणि आपण वापरतो तो न मोजता केलेल्या हिशेबासाठी!

आमच्या दिंद्रुडकडे शेतकऱ्याच्या घरात हा शब्द फार जड आहे. सप्टेंबरअखेर खरिपाची 'नजर अंदाज पैसेवारी' जाहीर होते. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. रुपयाचे 16 आणे, तसं भरघोस पीक 16 आणे आणि निम्मं पीक 8 आणे. 1957 साली दशमान नाणी आली, आण्यांचे पैसे झाले, तशी आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. आकडा 50 पैशांच्या आत आला, तर शेतसाऱ्यात सूट, मुलांची परीक्षा फी माफ, अशा सवलतींचा विचार होतो. म्हणून नजरेच्या अंदाजावर थांबत नाहीत. ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरच्या मध्यावर अंतिम आकडा येतो. त्यासाठी शेतातलं पीक प्रत्यक्ष कापून बघतात.

आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान' आहे. घेताना माप मोठं, देताना लहान. हा अतिचार व्यापाऱ्याचा म्हणून आपण पुढे जातो. पण मला वाटतं, तो अंदाजालाही लागतो. अंदाज चुकणं वेगळं आणि आपल्या सोयीकडे झुकवणं वेगळं.

आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची आणि शिळं ठेवायचं नाही. जास्त झालं तर जीवहिंसा, कमी पडलं तर कोणीतरी अर्धपोटी. आमच्या सासूबाई पीठ काढण्याआधी घरभर विचारतात, "आज कोणाचा उपवास? कोणाचं एकासन?" मग भाकरी मोजतात. त्यात कामाला येणाऱ्या मावशींच्या दोन भाकरी पहिल्यांदा धरतात. "उरलं तर देऊ" हा हिशेब त्यांना मान्य नाही.

ऊनोदरी करायची तर ती आपल्या ताटात करावी, दुसऱ्याच्या नाही. उद्या पीठ काढताना तुम्हीही मोजून बघा, तुमच्या अंदाजात कोण कोण आहे.