पोपडे

दादाची गिटार पाच वर्षे माळ्यावर पडून होती. याच महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्याने ती वाजवली होती. पुढे बाबांचे आजारपण आले, आणि शेवटचा पेपर देऊन तो चाकणला कारखान्यात लागला. "विकून टाक ती. काय येईल ते तुझ्या फीला घे," असे तो यंदा जूनमध्ये म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजात काही विशेष नव्हते. निदान मला तरी तसे वाटले.

गिटार खाली काढून पाहते, तर अंगभर पॉलिशचे पोपडे. नख लावले की ओल आलेल्या भिंतीसारखा तुकडा सुटून हातात येई. दुकानदाराने ती हातातही घेतली नाही. लांबूनच "पाचशे" म्हणाला. तेव्हा पॉलिश आपणच करू, असे मी ठरवले. (मी याआधी फक्त वहीला कव्हरे घातली होती, हे सांगितलेले बरे.)

मिरजेत राहण्याचा एक फायदा असा, की वाद्याचे दुखणे घेऊन जायला सतारमेकर गल्ली जवळच आहे. तिथल्या एका चाचांनी कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासला. थर ढिम्म. "लाख असती तर विरघळली असती. हे कारखान्यातलं पॉलिश. खरवडूनच काढायला लागतंय," ते म्हणाले. लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा कडक, जाड थर त्याच्याबरोबर हलत नाही. एकदा दोघांची फारकत झाली की मध्ये हवा शिरते आणि पोपडा सुटतो. आमचा माळा तर पत्र्याखालचा!

तारा गंजल्या होत्या, त्या काढून टाकल्या. पोपडे पट्टीने खरवडले. मग पॉलिशपेपर, आधी १२० नंबरचा, मागून २२०, लाकडाच्या शिरांच्या दिशेने. काम बरे चालले होते. अडले ते एका डागाशी. वादकाचा उजवा हात जिथे टेकतो, तिथे घामाने पॉलिश पूर्वीच उडून लाकूड काळवंडले होते. तो डाग काही जाईना. मीही हट्टाला पेटले. अर्ध्या तासाने डाग गेला, आणि त्याच्यासोबत वरचा पातळ पापुद्राही गेला. खालून आडव्या शिरांचे दुसरेच लाकूड डोकावू लागले. आमची गिटार प्लायवूडची आहे, हे मला तेव्हा कळले. स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने १८६२ साली एका गिटारीच्या बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची केली होती. आवाज मुख्यतः वरच्या पातळ फळीत असतो, हे दाखवायला. हे मी वाचले होते. नेमकी तीच फळी मी खाल्ली होती.

आई पाठीमागे येऊन उभी राहिली. "तिथं त्याचा हात असायचा ना गं?" एवढेच म्हणाली आणि आत गेली.

पाव लिटर स्पिरिटमध्ये पन्नास ग्रॅम चपडी लाख काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवून फडक्याने गाळली. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे कवच करतात, त्याचीच ही चपडी. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज ज्या जुन्या तबकड्यांत उतरला, त्यांतही ही लाखच असे. एवढे सगळे ज्ञान मिळवून मी भर श्रावणात पहिला हात दिला, आणि गिटारीवर दुधाळ पांढरी झाक आली. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल थरात अडकते. चाचा मनमुराद हसले. "पावसात लाख चढवलीस व्हय? ऊन पडू दे, बाळ."

ऊन ऑक्टोबरात पडले. झाक पुसून मी नव्याने सुरुवात केली. कापसाचा बोळा मऊ सुती फडक्यात गुंडाळायचा, त्याला लाख पाजायची, वर जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि हात वर्तुळात फिरवत राहायचे. कुठे थांबायचे नाही. थांबला की बोळा तिथेच चिकटतो. पंधरा दिवस, रोज कॉलेजातून आल्यावर. थर इतके पातळ, की आठवडाभर काही घडतच नाही असे वाटते. मग एका संध्याकाळी खिडकीचे गज त्यात दिसले. उघडे पडलेले प्लायवूड मात्र तसेच राहिले, उलट लाखेने जास्तच उठून दिसू लागले. चाचांनी बजावले होते, "लाख पुरती कडक व्हायला महिना जातोय. तोवर उगाच हाताळू नको."

दिवाळीला दादा आला. गिटार त्याने उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली, आणि त्याचा अंगठा बरोबर त्या जागी गेला.

"इथं काय झालं?"

"घासताना गेलं. तुझा डाग काढत होते."

तो काहीच बोलला नाही. जेवताना फक्त "तारा कुठल्या होत्या गं?" असे विचारले. भाऊबीजेला ओवाळले, तर तबकात पैशांच्या पाकिटाऐवजी सहा तारांचा संच. दुपारभर तो त्या चढवत, सुरात लावत बसला. बोटे अडखळत होती. नंतर अडखळेनाशी झाली. महिना झालेला नाही, हे सांगायला मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

रात्री त्याने गिटार खाली ठेवली, तेव्हा हाताच्या उबेने आणि घामाने कच्ची लाख दबून तिथे मनगटाच्या वर चार बोटे रुंद असा धुरकट ठसा उठला होता. बोळा आणि बाटली अजून माळ्यावरच आहेत. मी ती काढलेली नाहीत.